प्रेमानंदची बुडबुड्यांची टाकी

आमच्या धाड गावच्या बसस्टँडमागे प्रेमानंदचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. टीव्ही आता फारसे येत नाहीत. फवारणीच्या पंपाचे चार्जर आणि जयंतीच्या मिरवणुकीचे अ‍ॅम्प्लिफायर यांवर ते चालतं. अ‍ॅम्प्लिफायरची सर्किट बोर्डं तो स्वतः करतो. तांब्याचा पत्रा चिकटवलेल्या पट्टीवर पक्क्या शाईने रेषा काढायच्या आणि पट्टी फेरिक क्लोराईडच्या पाण्यात ठेवायची. उघडं तांबं ते पाणी खातं, शाईखालचं राहतं. वर्षानुवर्षं तो प्लास्टिकच्या ताटात हे पाणी हलवत बसे. त्याची बोटं कायम पिवळी असायची.

टाकी करायची वेळ आली ती अश्वजितमुळे. तो आमच्याच गावचा, बी.कॉम. झालेला, विहिरीच्या कामावर पडल्यापासून पाय गेलेले. मी व्यवस्थापक असलेल्या पतसंस्थेत त्याची कारकून म्हणून निवड झाली, तेव्हा अध्यक्ष उकंडराव मला म्हणाले, "पोरगं हुशार हाय, पण रोज उचलून कोन आनीन? सोमवारी आपल्या आपन आला तं ठेवू. नाही तं दुसरं नाव हाय आपल्यापाशी."

अश्वजितची विजेची खुर्ची जुनी, परदेशी बनावटीची, एका संस्थेने दिलेली. त्याच आठवड्यात तिचं बोर्ड जळालं. ते कुठेच मिळेना. प्रेमानंदने त्यावरचे सगळे भाग सोडवून काढले, कारण त्याखेरीज खालच्या रेषा नव्या पट्टीवर उतरवता येत नव्हत्या. आता जुनं बोर्ड परत जोडण्याचा मार्ग उरला नाही. त्यात ते दोन्ही बाजूंनी रेषा असलेलं होतं. ताटात एक बाजू खाल्ली जाईल आणि दुसरी तशीच राहील. पट्टी उभी ठेवून दोन्हीकडून पाणी सारखं हलतं ठेवायला हवं. म्हणून त्याने खिडकीच्या दोन काचा सिलिकॉनने चिकटवून अरुंद, उभी टाकी केली. तळाशी सलाइनची नळी आडवी टाकली, तिला सुईने भोकं पाडली. तिचं दुसरं टोक तळाजवळच्या कोपऱ्यातून बाहेर काढून माशांच्या टाकीच्या हवापंपाला जोडलं. पंप टेबलावर थरथरत होता, म्हणून खाली फरशीवर ठेवला.

रविवारी दुपारी मी दुकानात गेलो, तेव्हा तपकिरी पाण्यात बुडबुडे चढत होते. तांबं लवकर खाल्लं जावं म्हणून टाकी गरम पाण्याच्या टोपात उभी होती. अश्वजित लाकडी खुर्चीत बसून पाहत होता.

"काका, हे बोर्ड हाय का भज्याचा घाना?"

"चूप बस बे. एकच पट्टी हाय मायापाशी."

प्रेमानंदने पट्टी वर काढली. कडेचं तांबं गेलं होतं, मधलं बाकी होतं. ती पुन्हा आत सोडली, आणि लाईट गेली.

दुपारी लाईट जाते हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. बुडबुडे थांबतील, लाईट आली की सुरू होतील, एवढंच त्याने धरलं होतं. पण हवेचा जोर थांबताच पाणी नळीतून उलटं खाली उतरलं. पंपातून फरशीवर पिवळा ओघळ आला. प्रेमानंदने झडप घालून सलाइनच्या नळीवरची, थेंब कमी-जास्त करायची चकती दाबली. पाणी थांबलं. पंप मात्र गेला.

"लाईट आल्यावर?" मी विचारलं.

"आता लाईट येऊन काय करते, साहेब? पंपात पानी गेलं. पानी न हलता असंच राह्यलं तं इकडून तिकडून खाऊन बारीक रेषा तुटतीन."

त्याची बायको महामाया गरम पाण्याची किटली घेऊन आली होती. फरशी पाहून ती भडकली. "पंप खाली काऊन ठेवला? एवढा मोठा मिस्त्री! आता फुगे फुगवा अन् सोडा त्यायची हवा!"

प्रेमानंद तिच्याकडे पाहतच राहिला. मग चपला न घालता पळाला आणि शेजारच्या पंक्चरवाल्या सहदेवकडून ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब घेऊन आला. नळी तिला बसवली, चकती हळूच सैल केली. बुडबुडे उठले, पण नुसत्या एका बाजूला.

"दाबा हो कोनी!"

महामाया पदर खोचून ट्यूबवर बसली. बुडबुडे सगळीकडून चढू लागले.

"बसूनच राह्य," तो म्हणाला.

"दुसरं काय करून राह्यले मी?"

अश्वजित हसला नाही. त्याची नजर काचेवर होती. प्रेमानंद पट्टी काढी, उजेडात धरी, पुन्हा सोडी. शेवटी ती धुऊन त्याने भिंगाखाली धरली आणि एकेक रेषा तपासली.

"गेलं का?" अश्वजितने विचारलं.

"एक रेषा खाल्ली. तार जोडून घेतो. बाकीचं हाय. राती भाग बसवतो."

सोमवारी उकंडराव आमच्या आधीच पतसंस्थेच्या दारात उभे होते. प्रेमानंद रस्त्यापलीकडे, टपरीशी थांबला. जवळ आला नाही. घरघर करत खुर्ची वळणावरून आली, पायरीवर टाकलेल्या फळीवर चढताना मध्येच अडकली. मी पुढे झालो. अश्वजितने हातानेच नको म्हटलं. खुर्ची थोडी मागे घसरली, मग मोटरचा आवाज वाढला आणि ती वर आली.

"अबे, ब्रेक लागते का हिचा?" उकंडराव म्हणाले.

"लागते. पन तुमी सरका, भाऊ."

उकंडराव सरकले. मी काउंटरमागची कारकुनाची लाकडी खुर्ची उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली.