काकीचा शालू आणि अरोरा

मी सांगलीत विश्रामबागेतल्या एका शाळेत भूगोल शिकवते. माझे चुलते, तात्या, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि पाटणजवळ गावी ऊस करायला लागले. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी लडाखात काढलेली. मध्यंतरी लडाखच्या आकाशात तांबडा अरोरा दिसल्याचे फोटो मोबाइलवर फिरले, तेव्हा जो तो त्यांना विचारू लागला, "तात्या, तुमी कितींदा बघितला?"

तात्यांनी तो एकदाही बघितला नव्हता. ते त्यांच्या मनाला फार लागलं. सुट्टीत मी गेले, तर चहाच्या आधीच त्यांनी मला अंगणात खाटेवर बसवलं.

"अरोरा म्हंजे आमच्या पलटणीत एक क्लार्क व्हता," ते म्हणाले. "हे दुसरं काय हाय, नीट सांग."

मी सांगायला लागले. सूर्याकडून भारित कण येतात, पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना ध्रुवांकडं वळवतं, वरच्या विरळ हवेवर ते आदळले की हवा उजळते, तोच अरोरा. हवेचे थर खालून वर असे : तपांबर, स्थितांबर, मध्यांबर, आयनांबर, बाह्यांबर.

"एवढी अंबरं? मग लुगडीच की," काकी आतून म्हणाली.

काकी गमतीनं बोलली होती. तात्यांनी तो हुकूम मानला आणि तिची ट्रंक बाहेर ओढली. दहा किलोमीटरला एक वीत, असं माप त्यांनीच ठरवलं. तपांबर जेमतेम दीड वितीचं भरलं, म्हणून त्याला अंगणातल्या फणसाच्या बुंध्याशी टॉवेल गुंडाळला. वर स्थितांबराला निळी सुती साडी, मध्यांबराला जांभळी. अरोरा आयनांबरात होतो. तो खालच्या बाजूला हिरवा आणि फार उंचावर तांबडा असतो, असं मी सांगून बसले. मग हिरवी साडी खालच्या फांदीला बांधली आणि काकीचा लग्नातला लाल शालू घेऊन तात्या शिडीवरून वर चढले.

रस्त्यावर शेजाऱ्यानं गाडी थांबवली. "तात्या, लगीन कुणाचं?"

"लगीन न्हाई," तात्या फणसावरून म्हणाले. "वातावरण हाय."

शेजाऱ्यानं गाडी सुरू केली आणि निघून गेला. बाह्यांबर आम्ही सोडून दिलं, कारण फणस संपला होता.

खाली उतरल्यावर तात्यांनी बरोबर मर्मावर बोट ठेवलं. "मग लडाखात तांबडाच का दिसला? हिरवा कुठं गेला?"

मी त्यांना अंगणाच्या बुटक्या दगडी भिंतीमागं, गडग्यामागं नेलं. "अरोरा झाला ध्रुवाकडं, लांब. पृथ्वी गोल, म्हणून मधे तिचा फुगवटा आडवा येतो. हा गडगा म्हणजे तो फुगवटा. खाली वाका. काय दिसतंय?"

"शालू. हिरवी दिसंना."

"हे लडाख. आता पाटणला या. आणखी खाली."

तात्या पोटावर आडवे झाले. कोपरं टेकून, मान वर करून बघू लागले, फौजेत शिकवतात तसे. "आता नुसता गडगा दिसतोय."

"म्हणून आपल्याला दिसला नाही."

ते तसेच पडून विचार करत राहिले. तेवढ्यात मघाचा शेजारी परत आला. सुभेदार गडग्यामागं पालथे पडून समोर टक लावून आहेत हे बघताच त्यानं गाडी बंद केली. आमच्याकडं उसात बिबट्या असतो. त्यानं फोन लावले असावेत, कारण जरा वेळानं पाचसहा माणसं काठ्या घेऊन वाकत वाकत आली.

"कुठं हाय?" एकानं कुजबुजत विचारलं.

"वर," तात्याही कुजबुजले. "आडवं व्हा, म्हंजे समजंल."

सगळे आडवे झाले. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. बिबट्या नाही हे मधेच कधीतरी त्यांच्या लक्षात आलं असणार, पण उठलं कुणीच नाही. जरा डोकं वर काढलं की लडाख, खाली घातलं की पाटण, असं त्यांचं चाललं होतं. एकजण अंमळ जास्तच उठला आणि त्याला हिरवी दिसली. "गड्या, तू रशियात गेलास," तात्या म्हणाले.

शेवटी काकी हात पुसत आली. "माझाच शालू, मला तरी बघू द्या."

सरकून तिला जागा दिली. ती गडग्यामागं बसली, फणसाकडं बघितलं आणि म्हणाली, "आवं, उलटा बांधलाय. जरीची मागली बाजू म्होरं आलीय."

तात्या उठले आणि शिडीकडं गेले.