आधी बातमी, मग मिसळ

आफ्रिकेला निघताना मी घेतलेले सगळे कपडे वाळूच्या रंगाचे होते. पँट, शर्ट, टोपी, इतकंच काय, मोजेसुद्धा. आदराने प्रवास कसा करावा यावर मी इतकं वाचलं होतं की विचारल्याशिवाय फोटो काढणार नव्हतो, मुलांना गोळ्या वाटणार नव्हतो, आणि कुणाच्या झोपडीकडे बघून 'किती साधे, तरी किती सुखी' असा उसासाही टाकणार नव्हतो. अमेरिकेत आम्ही राहतो त्या कॅरी गावातल्या आमच्या मराठी मंडळींना हे मी निघेपर्यंत ऐकवत होतो. शेवटी एक मित्र म्हणाला, "यार, तू जा एकदाचा."

आम्ही नवराबायको पोचलो तर वस्तीतली माणसं लाल, निळ्या, पिवळ्या कपड्यांत. दोघातिघांच्या अंगात फुटबॉलच्या जर्सी. वाळूत वाळूसारखा दिसणारा मी एकटाच. एका शेळीने मला खांब समजून पाठ घासून घेतली.

वस्ती पूर्व आफ्रिकेतल्या गुराखी लोकांची होती. काटेरी कुंपणाच्या आत पाचसहा घरं आणि डांबरी रस्ता दिवसभराच्या अंतरावर. टोळीचं नाव मी सांगत नाही. त्यांनीही माझं नाव कुणाला सांगितलं नसावं, अशी आशा आहे. आमचा वाटाड्या तिथलाच. इंग्रजी शिकलेला, चाळिशीचा, कमी बोलणारा. त्याच्या आईच्या घराशेजारी आम्ही तंबू ठोकला. एकही शब्द समाईक नसताना माझ्या बायकोने त्या म्हातारीला अर्ध्या तासात मावशी करून टाकलं.

संध्याकाळी सगळी वस्ती शेकोटीभोवती जमली. वाळवलेल्या पोकळ भोपळ्यात धुराच्या वासाचं दूध, भांड्यात गरम लापशी. वाटाड्या म्हणाला, "आई तुमची बातमी विचारते आहे. सांगा."

आता, मला आपणहून 'सांगा' म्हणणारा माणूस लग्नानंतर भेटलेला नव्हता. मी उभाच राहिलो. कॅरीचा पाऊस सांगितला, लॉनवरचं गवत सांगितलं, ऑफिसातला साहेब नक्कल करून दाखवला. मेहुण्याचा मुतखडा सांगितला, तोही अभिनयासह. वाटाड्या भाषांतर करत होता आणि प्रत्येक वाक्याला सगळी वस्ती एका सुरात 'हं' म्हणत होती. काय तो श्रोतृवर्ग! कुणी उठत नाही, कुणी फोन काढत नाही, कुणी खातसुद्धा नाही. एक पोर लापशीच्या भांड्याकडे बघत बघत आडवं झालं, ते मी कथेत रंगल्याचं लक्षण धरलं.

मुतखडा पडायच्या बेतात असताना मावशी काहीतरी बोलली. सगळे खदखदून हसले.

"आई विचारते," वाटाड्या म्हणाला, "तुमच्या देशात लोक जेवतात कधी?"

मग त्याने रीत समजावली. पाहुणा आला की आधी त्याची बातमी. पाऊस, गवत, गुरं, माणसं. ती संपेपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही आणि यजमानाने मध्ये तोडायचं नाही. "ज्याची बातमी विचारली नाही त्याला जेवू घालणं म्हणजे कुत्र्याला तुकडा टाकणं," तो म्हणाला. मी वस्तीला उपाशी ठेवलं होतं आणि ती माणसं निमूट 'हं' म्हणत बसली होती.

परत आल्यावर ही गोष्ट मी कॅरीत गाजवली. वाढदिवस, डोहाळजेवण, सत्यनारायण, काही सोडलं नाही. शेळी मी स्वतः करून दाखवायचो.

यंदा तो वाटाड्या आमच्याकडे आला. जवळच्या विद्यापीठात चराऊ कुरणांवर सभा होती, आणि त्यासाठी चार दिवस तो आमच्या घरी राहणार होता. विमानतळावरून घरी येईपर्यंत मी त्याला अख्खं नॉर्थ कॅरोलिना तोंडी दाखवलं. बायकोने भरली वांगी, वरणभात, खरवस असा थाट केला होता. त्याने एक घास घेतला, चमचा खाली ठेवला, "थँक यू" म्हणाला आणि पाणी प्यायला. दुसऱ्या दिवशीही तेच. विद्यापीठाच्या कँटीनमध्ये मात्र भरपूर जेवलो, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

"कँटीनचं खातो आणि माझ्या हातचं नाही?" बायको स्वयंपाकघरात मला म्हणाली. "त्याच्या आईने मला पोटच्या पोरीसारखं भरवलं. आणि तिचा मुलगा माझ्या घरातून उपाशी जाणार?"

"तिखट लागत असेल."

"खरवस तिखट?"

"जेट लॅग," मी म्हणालो. ज्याचं कारण कळत नाही त्याला आमच्याकडे जेट लॅग म्हणतात.

शनिवारी आमच्या मंडळींचा वार्षिक कँप होता, तळ्याकाठच्या स्टेट पार्कमध्ये. बायको म्हणाली, "तिथे मोकळ्या हवेत चार माणसांत खाईल."

आमची टोळी निसर्गात जाते तेव्हा निसर्ग थोडा मागे सरकतो. तंबू उभे राहायच्या आधी कुकर उभे राहिले. बॅटरीवरच्या मिक्सरमध्ये एक काकू लसणाची चटणी फिरवत होत्या. आमचा पाहुणा त्यांच्यासमोर जाऊन अदबीने उभा राहिला आणि फोटो काढू का, असं विचारू लागला. काकूंनी पदर नव्हता तरी खांदा सावरला. मग त्याने मला विचारलं, "इथला सगळ्यांत वडील कोण? आधी त्यांना भेटतो." मी मोठ्याने विचारलं तशी केस काळे केलेली सगळी मंडळी तळ्याकडे बघू लागली. शेवटी मुलीकडे आलेले नागपूरचे काका पुढे झाले. "मीच आहो भाऊ. बाकी सगळे पंचविशीतले आहेत."

दुपार उतरली आणि मिसळ आली. लाल कट, फरसाण, पाव. सगळे तुटून पडले. पाहुण्याच्या हातात बायकोने भरलेली प्लेट दिली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, मांडीवर ठेवली आणि बसून राहिला.

"काहून नाही खाऊन राहिले हे?" काका म्हणाले. काकूंनी त्याच्या प्लेटमध्ये आणखी फरसाण टाकलं. कुणी पाव ठेवला, कुणी लिंबू. न खाणाऱ्याला आणखी वाढायचं, हा आमच्याकडचा एकमेव उपाय. प्लेटचा डोंगर झाला. बायको डाव घेऊन उभीच होती.

"अहो, तुम्ही ती आफ्रिकेची गोष्ट सांगा," काका मला म्हणाले. "आज तर साक्षीदारच आहे!"

मला काय, तोंड धुवायचीही गरज नव्हती. मी बाकावर चढलो. पाहुण्याला कळावी म्हणून इंग्रजीत सुरू केलं. शेळी केली, मुतखडा केला, आडवं झालेलं पोर केलं. लोक मिसळ खात खात हसत होते. मावशीचा प्रश्न आला, टाळ्या पडल्या. मग मी आवाज खाली आणला, हात लांब केला आणि ठेवणीतलं वाक्य टाकलं, "ज्याची बातमी विचारली नाही, त्याला जेवू घालणं म्हणजे..."

आणि माझा लांब केलेला हात नेमका त्याच्यावर रोखलेला होता. मांडीवर मिसळीचा डोंगर, आणि चेहऱ्यावर अतिशय सभ्य, अतिशय उपाशी हसू.

कुत्रा माझ्या तोंडातच राहिला.

बायकोचा डाव भांड्यात पडला. "अहो," ती म्हणाली, "परवापासून ह्यांची बातमी कुणी विचारली?"

कुणीच नाही. विमानतळापासून मीच बोलत होतो.

ती बाकावर चढली, मला उतरवून. "प्लेटी खाली ठेवा! सगळ्यांनी!"

"अगं, फरसाण मऊ पडेल!"

"पडू दे."

"कट थंडा होऊन राहिला ना बाई," काका कळवळले, पण प्लेट ठेवली. पोरं म्हणाली, "बट आय ॲम हंग्री!" त्यांच्या आयांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग बायको खाली उतरली, पाहुण्यासमोर गवतावर बसली आणि म्हणाली, "दादा, बातमी सांगा. पाऊस कसा आहे?"

त्याने प्लेट बाजूला ठेवली, पाठ सरळ केली आणि सुरुवात केली. पाऊस उशिरा आला. बायको म्हणाली, "हं." गवत नदीच्या अलीकडे आहे, पलीकडे नाही. आता पाचसहा जण म्हणाले, "हं." पांढऱ्या गाईला वासरू झालं, ते मागच्या पायाने लंगडतं. "अरेरे," काका म्हणाले, मग चूक सुधारून, "हं." पाहुण्याने धाकट्या बहिणीचं लग्न सांगितलं, विहिरीचं भांडण सांगितलं, एकेका शेळीची तब्येत सांगितली. घाई अजिबात नाही. कटावर तर्री गोठली. मी दोनदा तोंड उघडलं, कारण शेळ्यांबद्दल मलाही थोडंफार सांगता आलं असतं. दोन्ही वेळा काकांनी माझा गुडघा दाबला.

"आणि आई बरी आहे," तो शेवटी म्हणाला. "डोळ्यांना कमी दिसतं. निघताना तिने एक निरोप दिला. म्हणाली, त्या वाळूच्या माणसाकडे जातोस. त्याची बातमी संपली का बघ. संपली नसेल तर बाहेर जेवूनच त्याच्या घरी जा."

लोक असे हसले की शेजारच्या तंबूतली अमेरिकन कुत्री भुंकायला लागली. तो मात्र हसला नाही. बातमी संपली म्हणून त्याने दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले, प्लेट उचलली आणि जेवू लागला. डोंगर गेला. दुसरी प्लेट गेली. गार कट, मऊ फरसाण, नाकातून पाणी, तरी तो थांबेना. बायको वाढत होती आणि डोळे पुसत होती. कांद्यामुळे, असं तिने सांगितलं. कांदा कधीच संपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूबाहेर चहा झाला. कपात ओतण्याआधी तिने त्याला विचारलं, "दादा, गाई कशा आहेत?"

"कालच्यानंतर नवी बातमी नाही," तो म्हणाला. मग अगदी गंभीरपणे माझ्याकडे वळला. "आणि तुमची बातमी?"

मी उठून उभा राहिलो, घसा साफ केला.

बायकोने माझ्या हातात कप कोंबला. "ह्यांची काही बातमी नाही," ती म्हणाली, "तुम्ही चहा घ्या."