पिशवीच्या तळापासून वर

आम्ही नवरा-बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बाजाराची पिशवी रिकामी करणं. त्यात विशेष काही नाही, चाळीस वर्षं रोजचंच ते. आमच्या घरात यादी कागदावर लिहायची पद्धत नव्हती. तिला लिहिता येत नव्हतं आणि मी चौथी पास, तेव्हा माझं अक्षर मलाच वाचता येईल याची खात्री नाही. ती यादी तोंडी सांगायची, पिशवीत हात घातल्यावर जे जसं लागेल तसं. म्हणजे वरचं नाजूक आधी आणि तळाचे बटाटे शेवटी. मी खरेदी उलट्या बाजूने करायचो. बटाटे आधी, नाजूक शेवटी. नाहीतर टोमॅटोची चटणी पिशवीतच व्हायची.

त्या सकाळी तिने एकेक जिन्नस काढून लादीवर मांडला, पिशवी झटकली आणि म्हणाली, "एक रवला." (राहिलं.)

"काय?"

"तुमीच आठवा. मी दोनदा सांगूचंय नाय."

"मग बस तशीच. गुडघे काय भाड्याने आणलेत मी? परत जिने उतरणार नाही."

ती हसली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. काय राहिलं होतं ते सोबत घेऊन गेली.

याला सात महिने झाले. तेव्हापासून ते आठवायला मी पिशवी घेऊन लालबागच्या बाजारात जातो, एकेका भाजीवालीपुढे उभा राहतो आणि रिकामा परत येतो. आलं? नाही. अळू? नाही. कढीपत्ता तर फुकट मिळायचा, तो ती सांगायचीच नाही. हे मी कोणाला बोललो नाही. बोलून काय, लोक 'हो ना, हो ना' करतात. पण माझी मुलगी सुनंदा अँटॉप हिलला सरकारी वसाहतीत राहते आणि सगळ्या रोगांचं निदान मोबाईलवर करते. रिकामी पिशवी तिने तीनदा पाहिली आणि बाबांचं डोकं गेलं असं ठरवून टाकलं. परळच्या कुठल्याशा इस्पितळात म्हाताऱ्यांच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेतात, तिथे माझं नाव देऊन मोकळी झाली.

आपल्या गावच्या मंडळाच्या अंकात लोक प्रवासाचं लिहितात, काशीचं वगैरे. गेल्या वर्षी एकाने दुबईचं लिहिलं, फोटोत उंटासकट. त्यात उंट कोणता ते खाली लिहिलं होतं म्हणून बरं. मी लालबाग ते परळ लिहितो आहे. ज्यांना उंट पाहिजे त्यांनी मागचा अंक काढावा.

सकाळी नऊला पायी निघालो. वाटेत आमची गिरणी लागते, म्हणजे लागायची. तिथे आता काचेचा मनोरा आहे. मी जरा मान वर करून बघत होतो, तर तिथला वॉचमन आला. "किधर जाना है, चाचा?"

म्हटलं, "साचाखात्यात." (जिथे आम्ही माग चालवायचो ते खातं.)

तो म्हणाला, "कौन सा माला?"

बिचाऱ्याला काय सांगणार? पुढे निघालो.

इस्पितळात दारावरच्या माणसाने माझ्याकडे न बघताच बोट दाखवलं. मी सांगितल्या रांगेत तासभर उभा राहिलो, तेव्हा कळलं की ती हाडांची रांग आहे. माझं वय बघून त्याने अंदाजाने पाठवलं होतं. अंदाज चुकीचा नव्हता, पण मला डोक्याचं बोलावणं होतं. कँटीनमध्ये उपमा खाल्ला. आजारी माणसाला घरची आठवण यावी म्हणून तो तसा करत असावेत.

शेवटी तिसऱ्या मजल्यावर खोली सापडली. बाहेर बाकावर गिरगावचे एक निवृत्त मास्तर बसले होते, इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. त्यांचा अर्धा पेपर होऊन गेला होता.

"सात आकडे उलटे म्हणून दाखवले मी," ते म्हणाले. "आपलं शिक्षण?"

"चौथी."

"अरेरे. असू दे, प्रयत्न करा."

आत केतकी नावाची मुलगी होती, पुण्याची, बोलणं धुतलेल्या तांदळासारखं. म्हणाली, "आजोबा, घाबरू नका. ही चाचणी परदेशात तयार झाली आहे. ती आपल्याकडच्या ज्येष्ठांना लागू पडते का, ते आम्ही तपासतोय. म्हणजे तुमची नाही, परीक्षेचीच परीक्षा."

"मग मी नापास झालो तर दोष तिचा ना?"

"तेच तर बघायचंय," ती हसून म्हणाली. "ऐकलेलं डोक्यात धरायचं आणि उलटं करून सांगायचं. याला कार्यरत स्मृती म्हणतात."

"बाय माझे, गिरणी बंद पडल्यापासून माझं काहीच कार्यरत नाही."

तिने आकडे वाचले. तीन आले. चार आकड्यांना मी अडखळलो. तिने कागदावर खूण केली, चेहरा मात्र डॉक्टर करतात तसा कोरा ठेवला.

मग म्हणाली, "आता दुसरा भाग. हा आम्ही इथे नवीन केलाय, आकड्यांऐवजी बाजारातल्या वस्तू." त्यासाठी मला बाहेर बसवून आधी मास्तरांना बोलावलं. ते पाच मिनिटांत बाहेर आले, कान लाल. "भाज्यांची नावं कसली विचारतात! आमच्याकडे ते सगळं ही बघते."

आमच्याकडे बघणारी आता नाही. आत गेलो.

"मेथी, काकडी, सुरण," तिने वाचलं.

"सुरण, काकडी, मेथी."

चार झाले. पाच झाले. सहा झाले. तिची पेन्सिल थांबली. "आजोबा, आकडे चारसुद्धा आले नाहीत. हे कसं?"

मी तिला पिशवी सांगितली. ती कशी सांगायची, मी कसा भरायचो. मुलगी खुर्ची पुढे ओढून बसली. "हे लिहून घेते मी. एखादी खरीखुरी यादी सांगाल? तुम्ही घेता त्या क्रमाने?"

सात महिने मी बाजारात उभा राहून वरून सुरुवात करत होतो आणि प्रत्येक वेळी एखादी भाजी शोधत होतो. तळापासून, तोंडाने, मोठ्याने एकदाही म्हटलं नव्हतं. म्हणून दाखवणार कोणाला? तिच्या कागदाकडे बघत मी म्हणायला लागलो, "बटाटे, कांदे, दोडका, टोमॅटो, मिरच्या, कोथिंबीर, खारी."

"खारी? ती भाजी नाही ना, आजोबा?"

नाही. ती बेकरीत मिळते. सगळ्यात वर ठेवायची, नाहीतर भुगा होतो. आणि आमच्या घरात चहात खारी बुडवणारा मी एकटाच. ती नुसता चहा प्यायची.

केतकीने पाण्याचा ग्लास पुढे केला. शहाणी मुलगी. मी पाणी प्यायल्यावर म्हणाली, "पंधरा दिवसांनी परत याल? हीच चाचणी पुन्हा घ्यायची असते, निकाल तसाच येतो का बघायला."

"दोनदा तेच विचारून उत्तर तेच येतं का बघणं, याला आमच्याकडे पोलीस चौकशी म्हणतात. येईन."

मास्तर बाकावरच होते. "किती आले?" त्यांनी विचारलं.

"सात," मी म्हटलं.

परतीची वाट तीच, पण उतरणीची वाटली. लोक प्रवासाहून गंगाजल आणतात, पेढे आणतात. मी मागची बाकी राहिलेली एक वस्तू आणली, तीही अजून नुसती डोक्यात. हरवलं होतं ते माझं डोकं नव्हतं, यादी सांगणारं माणूस होतं. त्याची परीक्षा कुठल्या मजल्यावर होते ते मला दारावरच्या माणसाने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेतली आणि जिने उतरलो. बटाटे. कांदे. दोडका. टोमॅटो. मिरच्या. कोथिंबीर. मग रस्ता ओलांडून बेकरी. घरी येऊन सगळं लादीवर मांडलं, पिशवी झटकली. खारीचा एकही तुकडा मोडला नव्हता. चहा केला, तिच्यापेक्षा वाईट, आणि दोन खाऱ्या बुडवून खाल्ल्या.

मग सुनंदाला फोन लावला. "दोडक्याचं काय करतात गं?"

"बाबा, बाजारात गेला होतात? काय काय आणलंत?"

"खारी, कोथिंबीर, मिरच्या, टोमॅटो, दोडका, कांदे, बटाटे."

मग नाक ओढून ती म्हणाली, "आधी शिरा काढायच्या, बाबा. टाकू नका, त्याची चटणी करायची आई."