बाबूचं खडप

टोपलीत सुरमई असली की बाबू वर बांगडे पसरायचा. किनाऱ्यावर कोणी "खंय मिळाली?" विचारलं, की बरोबर उलट दिशेला हात करायचा. होडीकडे जाताना वाटेत कोणी "खंय चललंस?" म्हटलं, तर घरी परत येऊन, पाणी पिऊन पुन्हा निघायचा. डॉक्टरला वय सांगतानाही आधी दार लावून घ्यायचा.

असा हा बाबू २००९च्या मे महिन्यात मालवणातल्या सायबर कॅफेत आला. तिथे सर्वेश बसायचा. मराठी साहित्य घेऊन बी.ए. झालेला, त्या पदवीचा उपयोग आतापर्यंत लोकांचे ईमेल वाचून दाखवण्यापुरताच झालेला. बाबू वयाने बराच मोठा, पण दोस्ती घट्ट.

एक कंपनी मोबाइलवर वाऱ्यालाटांचा अंदाज फुकट पाठवायची. त्यासाठी वेबसाइटवर नाव नोंदवावं लागे. सर्वेश प्रश्न वाचत गेला. जन्मतारीख, मोबाइल नंबर, होडीचं इंजिन. बाबू तहसीलदारासमोर उभा असल्यासारखा शुद्ध मराठीत उत्तरं देत होता. मग नकाशा आला. तुम्ही मासे कुठे पकडता?

आता हा उठणार, असं सर्वेशला वाटलं. बाबूने पडद्यावर बोट ठेवलं. पाण्याखालच्या खडकांचा पट्टा, त्याचं खडप. तिथे गरी टाकली की तांबोशी हमखास. वडिलांनी ते त्याला एकट्याला दाखवलेलं. घर त्यावरच चालायचं.

"बाबूदा, खरा सांगतंस?"

"गावात सांगल्यार बोंब. हो कंप्युटर खंय गावचो? हेका होडी नाय, गरी नाय. हो काय करतलो?"

सर्वेश थक्क झाला. खाली अटींची पानंच्या पानं होती. जाडजूड कादंबऱ्या एका बैठकीत संपवणाऱ्या सर्वेशने त्यातली एक ओळही न वाचता 'मान्य' दाबलं.

नारळी पौर्णिमेनंतर बाबू खडपावर गेला, तर तिथे परगावच्या होड्या आधीच उभ्या. सर्वेशने वेबसाइट उघडली. बाबूच्या नावाचं लाल टिंब, शेजारी माशाचं चित्र. पैसे भरणाऱ्यांना कंपनी सगळ्यांची टिंबं दाखवत होती. अटींमध्ये तसं स्वच्छ लिहिलं होतं.

बाबूची बायको सुभद्रा बाजारात सर्वांसमक्ष म्हणाली, "खंय जाता ता माका आजून सांगूक नाय. त्या डब्याक सांगल्यान!"

बाबू हसत सुटला. "बापाशीन माका कानात सांगलेल्यान. मी कंपनीक सांगलंय, जन्मतारखेसकट. माझ्यासारखो शाणो अख्ख्या किनाऱ्यार सापडाचो नाय."

"आणि माझ्यासारखो शिकलेलो," सर्वेश म्हणाला.

टिंब काढा, असं त्याने कंपनीला कळवलं. दिलेली माहिती परत मिळत नाही, असं उत्तर आलं.

"काढूक येणा नाय, पण घालूक येता मां? मगे घाल," बाबू म्हणाला. देवगडापर्यंत खोटी टिंबं पेरायची. त्यात खरं कुठलं, ते कोणालाच कळू नये.

रोज संध्याकाळी तो येऊन नुसत्या वाळूच्या तळावर टिंब ठेवायचा, सोबत मासळीच्या थापा. कंपनीने त्याला 'विश्वासू सभासद' म्हणून तारा दिला.

"बघ मेल्या! खरा बोललंय तेव्हा माका कोणी विचारूक नाय."

खडपावरची गर्दी पांगू लागली. मग एका संध्याकाळी बाबू माउसवर हात ठेवून नुसताच बसला.

"काय झाला, बाबूदा?"

"आरोंद्याचो एक होडीवालो धक्क्यार भेटलो. होडी रिकामी. बाबूच्या टिंबार दिवसभर फिरलो म्हणता, डिझेल संपला. माकाच विचारता, ह्या बाबूक वळाखतंस?"

"मगे?"

"म्हटलंय, वळाखतंय. चोर मोठो." बाबू हसला, पण नेहमीसारखा नाही. "आपल्यातले बांगडे दिलंय तेका. तेना पण गप घेतल्यान. आज नको रे."

तो उठला. टिंबं तेव्हा आचऱ्यापर्यंत पोचली होती. तिथून देवगडापर्यंतचा समुद्र त्या नकाशावर अजून निळा, मोकळाच आहे.