शिंप्याच्या घराचं दार

धोतर, काळा कोट, टोपी अशा थाटातला एक गृहस्थ राणीच्या बागेत मातीत पालथा पडलेला पाहून मी किंचाळलेच. वाटलं, मे महिन्याचं ऊन, भोवळ आली असणार. धावत गेले तर ते आमच्याच परळच्या शाळेतले ड्रॉइंगमास्तर! "बाई, सावली बाजूला घ्या," ते जराही न हलता म्हणाले, "ढालकिडा बिचकतोय."

मी तेव्हा नुकतीच सायन्स शिकवायला लागले होते. किड्याला सहा पाय असतात हे फळ्यावर दहादा लिहिलं होतं, मोजले मात्र त्या दिवशी पहिल्यांदा. त्यानंतर सुट्टीतल्या दर रविवारी मी मास्तरांबरोबर बागेत जाऊ लागले. त्यांच्या डबा कॅमेऱ्याला जवळचं दिसत नसे. म्हणून त्यांनी दिवंगत आईच्या चष्म्याची एक काच लाखेने पुढे चिकटवली होती. बारा फोटोंचा एक रोल त्यांना सुट्टीभर पुरायचा. तासभर एखाद्या चतुरासमोर बसून ते फोटो न काढताच उठत. "आज त्याचं मन नव्हतं," म्हणत.

एका बाबतीत मात्र ते कडक होते. घरट्यासमोर फांदी आड आली तर ती सुतळीने मागे बांधायची, फोटो घ्यायचा आणि लगेच सोडायची. "पाहुणे आहोत आपण. जाताना दार लावायचं." बांधायचं-सोडायचं काम माझं असे.

दुसरं वेड संयुक्त महाराष्ट्राचं. मोर्च्यांचे फलक तेच रंगवत. बोटांचा लाल रंग कधी गेलेला मी पाहिला नाही.

त्या रविवारी शिंपी पक्ष्याचं घरटं सापडलं. पानं शिवून केलेल्या द्रोणात तीन पिल्लं. मी आडवी फांदी बांधली, मास्तरांनी फोटो घेतला आणि तेवढ्यात बाहेर रस्त्यावर आरोळी उठली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" मास्तर कॅमेरा गळ्यात अडकवून पळाले. त्यांच्यामागे मीही. घसा बसेपर्यंत ओरडत आम्ही लालबागला पोहोचलो. घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून पिशवीत हात घातला, तर आत रुमाल तेवढाच होता.

"मास्तर, सुतळी!"

ते आल्या पावली वळले. भर उन्हात आम्ही धावत परत आलो. द्रोण उघडा होता, रिकामा. समोर एक कावळा फांदीवर चोच पुसत होता आणि शिंपीण जिवाच्या आकांताने ओरडत होती. मास्तरांनी गाठ सोडली आणि फांदी हलकेच जागेवर आणली. आता कुणासाठी, हे मला विचारवेना.

"चूक माझी, मास्तर."

"आधी धावलो मी."

त्यानंतर मास्तरांनी पुन्हा कुठल्याही घरट्याला कॅमेरा लावला नाही. महाराष्ट्र झाला त्या दिवशी शाळेचा फलक त्यांनीच रंगवला. पेढे वाटताना पाहिलं, तर मास्तर नव्हते. कुठे गेले असतील हे मला ठाऊक होतं. मला मात्र बागेत त्या फांदीपाशी जायचं धाडस झालं नाही.

मास्तर निवृत्त होऊन गावी निघाले तेव्हा त्यांनी मला एक पाकीट दिलं. आत तोच फोटो होता. तीन चोची आ वासलेल्या, इतक्या स्वच्छ की जिभाही दिसत होत्या. मला बघवेना. घाईने उलटा केला, तर मागे लाल रंगात, फलकावरच्या त्याच ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'आधी धावलो मी.'

मी ढसाढसा रडले. सुतळी सोडायचं काम तर माझं होतं.