हलतंय म्हणजे मोडलं नाही

वाघोलीहून सकाळी बस धरली ती उजवा हात छातीशी घेऊनच. आदल्या दिवशी साईटवर फरशीखाली करंगळीशेजारचं बोट चेंगरलं होतं. आमच्या टोळीचे मुख्य मिस्त्री शंकरमामा. त्यांनी बोट ओढलं, हळद-चुना लावून बांधलं. "हलतंय ना? म्हणजे मोडलं नाही." आमच्या हिंगोलीकडंही असंच म्हणतात. पण सूज वाढतच होती. शाळा मी सातवीतच सोडली, पोट या हातावर. बोट वाकडं राहिलं तर थापी (सिमेंट पसरायचं हत्यार) धरणार कशी?

"अहो, दांडी धरायला असते, बघायला नाही," बसमधले एक आजोबा म्हणाले. मी हात दाखवला. ते उठलेच. "बसा. तोंड शाबूत आहे ना? सांगायचं की!"

खराडीच्या काचेच्या इमारती मागे गेल्या. माझं लक्ष बोटावरच.

शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली.

"कुणी बांधलं?"

"मामांनी. फरशीवाले आहेत."

"मग त्यांना फरशीच बसवू द्या."

"पण बाई, हलतंय."

"मोडलेलं बोटही हलतं. हळूच मूठ वळा."

वळली, तर ते बोट मधल्या बोटावर तिरकं चढलं. एक्स-रेत हाड तिरकं चिरलेलं, जागचं फिरलेलं. इंजेक्शननं बोट बधीर करून बाईंनी ते सरळ केलं. पुन्हा मूठ वळवली. आता बोटं रांगेत बसली. मग मध्ये कापूस ठेवून ते शेजारच्या बोटाला जोडलं, खाली आधाराची पट्टी.

"आठ दिवसांनी परत फोटो. हाड घसरलं तर आत तार घालावी लागेल."

मंडईजवळच्या खानावळीत डाव्या हातानं भाकरी मोडेना. शेजारच्या भाजीवाल्या मावशींनी न विचारता आमटीत कुस्करून दिली. "खा बाळा. डावा-उजवा पोटाला कळत नाही."

आठ दिवस धड झोप नाही. कूस बदलली की वाटायचं, घसरलं. शेवटी बाई नवा फोटो उजेडात धरून म्हणाल्या, "जागेवर आहे. तार नको. अजून दोन आठवडे असंच ठेवा, मग व्यायाम." मी त्यांना दोनदा नमस्कार केला, एकाच हातानं.

वाघोलीला उतरलो तर मामा वाट बघत होते. मी मुठीची गोष्ट सांगितली. त्यांनी गुपचूप स्वतःची मूठ वळली. त्यांची करंगळी शेजारच्या बोटाखाली शिरली.

"तरुणपणी ठेचलं होतं," ते म्हणाले. "हलत होतं, म्हणून सोडून दिलं."

तेव्हा त्यांना बसमध्ये जागा देणारं, मूठ वळून बघा म्हणणारं कुणी नव्हतं. मला होतं.