जरा खर्जात बोला

“जरा खर्जात बोल की गड्या,” असं म्हणत आण्णा तळहाताने हवा खाली दाबायचे. समोरचा ओरडायला लागला, की आणखी खाली दाबायचे. त्यांना मोठा आवाज नको असायचा, जाड आवाज हवा असायचा.

त्यांची सगळी नोकरी लष्करात, तोफांपाशी गेली. तोफांनी कानातले वरचे सूर नेले. पाखरं गेली, कुकरची शिट्टी गेली, बायकोची हाक गेली. खालचे सूर तेवढे उरले. निवृत्त फौजी तुमच्याही ओळखीत असतील; पण साताऱ्यातल्या आमच्या गल्लीत ह्या आण्णांशी बोलताना भाजीवालीसुद्धा घोगरी व्हायची. नवा पाहुणा दचकायचा.

माझं स्पीकरचं दुकान. एका दुपारी आण्णा मोबाईल घेऊन आले. कडेगावला त्यांचा थोरला भाऊ भजनात पखवाज वाजवायचा. तो नुकताच वारला होता, आणि पुतण्याने त्याच्या भजनाचा व्हिडिओ पाठवला होता.

“समदी म्हणत्यात, दादा लय गोड वाजवतोय. मला नुसता हात हलताना दिसतोय रं.”

मी ऐकलं. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरमधून टाळ आणि उजव्या हाताची थाप येत होती. म्हणजे नेमकं आण्णांना ऐकू न येणारं. डाव्या हाताचा घुमारा आतच राहत होता. तो बाहेर काढायला सबवूफर, म्हणजे नुसत्या खालच्या सुरांचा खोका हवा, असं मी माझा आवाज जाड करून सांगितलं.

पहिला मोठा खोका लावला, तर कपाटाच्या काचा थरथरल्या. आण्णांनी मान हलवली. “ही मिरवणूक झाली. आमचा दादा येवढा तापट न्हवता.” दुसरा लहान होता, चारी बाजूंनी बंद. त्यात थाप उठायची आणि जागीच थांबायची. “हां. ह्याला माणसाचा हात हाय.”

आण्णांच्या घरी मी तो कोपऱ्यात ठेवला आणि फसलो. कोपऱ्यात आवाज फुगतो. एक थाप दुसरीत मिसळू लागली. मग उलटं केलं. खोका आण्णांच्या खुर्चीवर ठेवला आणि त्यांना म्हणालो, “आता तुम्ही भिंतीच्या कडेने फिरा. जमिनीलगत कान ठेवून. जिथे साफ ऐकू येईल, ती ह्याची जागा.”

आण्णा लगेच कोपरांवर आले आणि फौजेत रांगायचे तसे सरकू लागले. काकू स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून हसत होत्या. “आवं, लढाई लागलीय काय?”

खिडकीखाली ते थांबले. डोळे मिटले. आम्हाला वाटलं, उठतील आता. पण ते तसेच पडून राहिले.

मी खोका तिथे हलवला, ते खुर्चीत बसले. पडदा वाऱ्याने फुगत होता, उन्हं फरशीवरून सरकत होती. खोलीत ती थाप विहिरीतल्या पाण्यासारखी हलायला लागली. मी आवाज वाढवायला गेलो, तर त्यांनी हात धरला. “कमी कर. घरातच हाय तो.”

एकाएकी ते ताठ झाले.

“चुकला! आगं, हितं चुकला बघ! हितं तो कायम चुकायचा!”

एवढ्या आनंदाने कुणी कुणाची चूक सांगितलेली मी पाहिली नाही. चेहरा पार भिजला होता. काकू त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

पुढे रोज दुपारी खिडकीतून तो घुमारा गल्लीत यायचा. धुणं वाळत घालणाऱ्या बायका क्षणभर थांबायच्या.

मग दोघं कडेगावलाच राहायला निघाले. दादा गेल्यापासून आण्णांची वहिनी तिथे एकटी होती. मी स्टँडवर सोडायला गेलो. आण्णांनी खोका मांडीवर घेतला होता. “सीटखाली ठेवू का?” मी विचारलं. “खाली लय हादरतंय,” ते म्हणाले.

त्या हिवाळ्यात आण्णा तिथेच वारले. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

मला ती एसटी आठवते. ती वळणाला लागली, तेव्हा ते खोक्यावर गाल टेकून बसले होते. डोळे मिटलेले, ओठ हलत होते, आणि काकू काचेतून माझ्याकडे पाहून हळूच हसल्या, झोपलेल्या मुलाला जाग येऊ नये तशा.